पेल घराण्याची बढती

लग्न ठरलं तेव्हा कुणाचीही हरकत नव्हती, हे सुरुवातीलाच नमूद केलेलं बरं. देवयानी अमेरिकेतल्या नेपरव्हिलमध्येच जन्मली, वाढली आणि दातांची डॉक्टर झाली. तिथल्याच एका शाळेत बँड शिकवणाऱ्या ग्रॅहम पेलशी तिनं लग्न करायचं ठरवलं. तिच्या आईनं, लतिकाकाकूंनी, काळ बदलला असल्याचं जाहीर केलं. वडील प्रल्हादकाकांनी होणाऱ्या जावयाला ड्राइव्हवेवरचा बर्फ काढता येतो ना, एवढी खात्री करून घेतली. धर्म, भाषा, पगार यांतलं काहीही आड आलं नाही. आड आलं ते प्रदर्शन.

त्या वर्षी मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाची थीम होती ‘आमची मुळं’. प्रत्येक कुटुंबानं आपल्या पूर्वजांचा तक्ता भाड्यानं घेतलेल्या शाळेच्या कॅफेटेरियात लावायचा होता. मुलीनं किंवा मुलानं बाहेरचा जोडीदार निवडला असेल, तर सर्वसमावेशक धोरणानुसार त्या बाजूचाही लावायचा होता. उत्तम तक्त्याला शेवटच्या रविवारी बक्षीस होतं. प्रदर्शनप्रमुख सरलाताई. त्यांचा जावई मूळ जर्मन वंशाचा, आणि त्याच्या तक्त्याच्या शेंड्यावर एका उमरावाचे खासगी वैद्य विराजमान झाले होते. ही बातमी सरलाताईंनी कुणालाच सांगितली नव्हती. फक्त सगळ्यांना माहीत होती.

लतिकाकाकूंनी ग्रॅहमला जेवायला बोलावलं, पापलेटचं कालवण वाढलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “तुमचे पूर्वज कुठले रे?”

“आजी म्हणते, इंग्लंडचे,” ग्रॅहम म्हणाला. “समुद्रावर असायचे.”

‘समुद्रावर’ हा शब्द काकूंना आवडला. त्यात ऐसपैसपणा होता. त्यांनी दूरच्या चँडलर गावी राहणाऱ्या, ओळखीतल्या मनोहरकाकांना फोन लावला.

मनोहरकाकांनी उभा जन्म चिप बनवणाऱ्या कंपनीत दोष शोधण्यात घालवला होता. निवृत्तीनंतर शोधायला दोष उरले नाहीत, म्हणून ते पूर्वज शोधू लागले. काम विनामूल्य, तत्त्व एकच: पूर्वज मिळेपर्यंत थांबायचं नाही आणि मिळाल्यावर मागे घ्यायचा नाही.

पेल मंडळी हॅडल्सबी नावाच्या इंग्लिश किनाऱ्यावरच्या गावची निघाली. तिथल्या चिमुकल्या संग्रहालयातल्या एका उत्साही बाईंशी मनोहरकाकांनी व्हिडिओ कॉल सुरू केले. चर्चच्या नोंदी, थडगी, बंदरावरचे जुने फोटो यांची छाननी झाली आणि एका रविवारी काकांचा फोन आला.

“अभिनंदन लतिकाताई! पाच पिढ्या सलग मिळाल्या. एकही गॅप नाही.”

“कोण होते?”

“मासेमार.”

“पहिले?”

“सगळे. हेरिंग मासा धरायचे. बायका धक्क्यावर बसून तो साफ करायच्या. क्लीन डेटा आहे एकदम!”

काकू सावरून म्हणाल्या, “अहो, एखादा तरी दुसऱ्या लाइनमधला असेल? चर्चमध्ये वगैरे?”

“चर्चमध्ये आहेत ना. दोघं. आवारात पुरलेत. तिसरा समुद्रातच गेला, तो मिळाला नाही.”

काकूंनी फोन ठेवला. गॅसवर सुरमई तळत होती, ती त्यांनी उलटली.

प्रल्हादकाकांना या बातमीत काही वावगं दिसलं नाही. त्यामुळे तक्त्याचा मजकूर ठरवण्याच्या कामातून त्यांना वगळण्यात आलं. एका पेलकडे होडीची आठ आणे भागीदारी होती, असा बारीकसा पुरावा मनोहरकाकांच्या कागदांत होता. त्या पुराव्याच्या आधारे लतिकाकाकूंनी सुबक अक्षरांत लिहिलं: ‘पेल: इंग्लंडमधील एक सागरी उद्योजक घराणे.’ यात खोटं काही नव्हतं. समुद्र होता, उद्योग होता, आणि घरही असणारच.

पहिल्या शनिवारी प्रदर्शन उघडलं. सरलाताई तक्त्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

“सागरी म्हणजे शिपिंग का गं?”

“त्याच लाइनमध्ये,” काकू म्हणाल्या.

आरतीच्या वेळेस पेल मंडळी जहाजांची मालक झाली. प्रसादाच्या रांगेत त्यांच्या जहाजांवर तोफा चढल्या. रात्री पार्किंग लॉटमध्ये खुर्च्या भरता भरता मंडळाचे अध्यक्ष रवींद्र प्रल्हादकाकांना म्हणाले, “काय यार, आरमारातलं खानदान आणि आम्हाला पत्ताच नाही!” प्रल्हादकाकांना मजकुरातून वगळलेलं असल्यामुळे ते नुसते हसले. नेपरव्हिलमध्ये याला दुजोरा समजतात.

दुसऱ्या शनिवारसाठी ठरलेले प्रमुख पाहुणे आयत्या वेळी कॅन्सल झाले होते. सोमवारी कार्यकारिणीनं एकमतानं ठराव केला की, इंग्लंडच्या आरमारी घराण्यातील ज्येष्ठ महिला, म्हणजे ग्रॅहमच्या आजी डॉरथी पेल, यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा. निमंत्रण थेट आजीच्या गावी, पिओरियाला गेलं, आणि आजीनं ते थेट स्वीकारलं.

लतिकाकाकूंची झोप उडाली. त्यांनी ग्रॅहमला गाठलं. “तुझ्या आजीला सांगशील का, भाषणात माशांचं नको म्हणून?”

“मग ती काय बोलणार?” ग्रॅहमला खरोखरच प्रश्न पडला. “तिचा आवडता विषय तोच आहे.”

ही गोष्ट देवयानीच्या कानावर गेली. ती संध्याकाळी क्लिनिकमधून तडक आईकडे आली.

“आई, सीरियसली? तू त्याच्या फॅमिलीला प्रमोशन दिलंस?”

“मी काही दिलं नाही. ते आपोआप झालं.”

“आपण वीकमध्ये कितीदा फिश खातो?”

“खाणं वेगळं, देवू.”

“म्हणजे फिश घरात चालतो, तो पकडणारा माणूस चालत नाही?”

“मला चालतो गं!” काकूंचा आवाज चिरकला. “लोकांना चालत नाही.”

“कोण लोक? नाव सांग ना एकाचं.”

काकूंनी आठवून पाहिलं. नाव आठवत होतं, पण ते त्यांचं स्वतःचंच होतं. त्या ओट्याकडे वळल्या आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसू लागल्या. देवयानी जाताना एवढंच म्हणाली, “त्याच्या ग्रँडमाला नेव्हीचं माहीतच नाहीये. तिला वाटतंय, तिला तिच्या माणसांसाठी बोलावलंय. नवीन ड्रेस घेतलाय तिनं.”

शनिवारी सभागृह खच्चून भरलं. निळ्या ड्रेसमधली ठेंगणी डॉरथी आजी काठी टेकत मंचावर आली. रवींद्रनी शाल घातली, श्रीफळ दिलं आणि इंग्लंडच्या नौदलाशी असलेल्या पिढीजात संबंधांचा गौरवपूर्ण उल्लेख केला. पहिल्या रांगेतल्या लतिकाकाकूंनी डोळे मिटले.

आजीनं नारळ कानाशी हलवून पाहिला आणि माइक हातात घेतला.

“नौदलाशी आमचा संबंध आहे, हे खरं आहे,” ती म्हणाली. “नौदलाचे लोक जबरदस्तीच्या भरतीसाठी माणसं पळवायला बंदरात आले, की आमचे पुरुष हेरिंगच्या पिंपात लपायचे.”

सभागृहात कुणीतरी टाळी वाजवली आणि मध्येच थांबवली.

मग आजी आपल्या पणजीबद्दल बोलली. तिचा नवरा वादळात गेला. त्यानंतर ती धक्क्यावर हेरिंग साफ करायला उभी राहिली. सुरी लागू नये म्हणून बोटांना चिंध्या बांधायची. तरी लागायचीच, आणि मग जखमेत मीठ जायचं. मुलामुलींना घेऊन ती बोटीनं अमेरिकेत आली, कारण आपल्या मुलींच्या हाताला माशाचा वास येऊ नये, एवढीच तिची इच्छा होती. “माझ्या हाताला येत नाही,” आजी म्हणाली आणि हात नाकाशी नेला. “कधीकधी वाटतं, यायला हवा होता.”

लोकांनी डोळे पुसले. सगळं सभागृह उभं राहिलं. सर्वांत उशिरा लतिकाकाकू उभ्या राहिल्या, कारण त्यांना समोरचं दिसत नव्हतं. त्या मंचावर गेल्या, आजीचा हात धरला आणि त्यांच्या तोंडून मराठीतच निघालं, “चुकलं माझं.” आजीला ते आभारप्रदर्शन वाटलं. तिनं मोठ्या मनानं मान हलवली.

एवढ्यावर गोष्ट संपती, पण मंडळाला कार्यकारिणी होती.

“फारच टचिंग,” सरलाताई पाणावलेल्या डोळ्यांनी म्हणाल्या. “पण तक्ता चुकीचा होता. आता उद्याच्या बक्षिसाचं काय? काहीतरी व्हेरिफिकेशन नको?”

तातडीची बैठक होऊन ‘कुलनिश्चिती उपसमिती’ स्थापन झाली. सर्व तक्त्यांची पडताळणी व्हावी, असं ठरलं. पडताळणी अधिकारी म्हणून, अनुभव लक्षात घेता, मनोहरकाकांची नेमणूक झाली. त्यांनी चँडलरहून आनंदानं होकार दिला आणि नियमाप्रमाणे प्रदर्शनप्रमुखांच्या तक्त्यापासून सुरुवात केली.

त्यांचा फोन स्पीकरवरच घेतला गेला. “सरलाताई, तुमच्या जावयाचे ते वैद्य पक्के आहेत बरं का! उमरावाकडेच होते. फक्त पेशंट घोडे होते.”

सरलाताईंनी घोड्यांविषयी आपल्याला नेहमीच आदर वाटत आल्याचं सांगितलं.

“आता अध्यक्षांच्या तक्त्यातले सरदार घेऊ,” काका म्हणाले. “रवींद्र, तुमच्या पणजोबांना सनद कुणी दिली?”

“रेंज जातेय,” रवींद्र म्हणाले आणि त्यांनी दुसऱ्याच्या हातातला फोन बंद केला.

रविवारी सकाळी कॅफेटेरिया उघडला तेव्हा भिंतींवर चिकटपट्टीचे तुकडे तेवढे होते. ‘मुलांनी पाणी सांडलं’, ‘माहेरून नवीन माहिती येणार आहे’, अशी कारणं देऊन एकेका कुटुंबानं आपले पूर्वज घरी नेले होते. पेलांचा तक्ता मात्र जागेवर होता. देवयानीनं ‘सागरी उद्योजक’ खोडून ‘मासेमार’ असं लिहिलं होतं, तेही मराठीत, मात्रा चुकवून. एकमेव प्रवेशिका म्हणून पहिलं बक्षीस त्याला मिळालं. ते घ्यायला लतिकाकाकू मंचावर गेल्या, आणि मात्रा न सुधारता तक्ता घरी घेऊन आल्या.

लग्न ऑक्टोबरात झालं. दुसऱ्या दिवशी घरच्या जेवणाला काकूंनी बांगडे तळले. डॉरथी आजीनं काटा-चमचा बाजूला सारला, बोटांनी बांगडा उलगडला आणि मधला काटा डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खा उचलून ताटाच्या कडेला ठेवला. काकू बघत राहिल्या. मग प्रल्हादकाकांच्या कानाशी लागून म्हणाल्या, “अहो, ही तर आपल्यातलीच आहे!”

ही हकीकत प्रस्तुत लेखकानं आजवर पुष्कळांना सांगितली. सगळे सुशिक्षित, सगळे उदार. नौदलाला हसले, आजीला हळहळले, लतिकाकाकूंच्या कोतेपणावर त्यांनी कडक ताशेरे ओढले. आणि सगळं झाल्यावर प्रत्येकानं आवाज थोडा खाली आणून एकच विचारलं: “पण आपल्यातली म्हणजे? हे लोक मूळचे कोण? आडनाव काय म्हणालात?”

म्हणालो नव्हतो. पापलेटचं कालवण आलं तेव्हाच तुम्ही मनाशी एक नाव ठरवून टाकलंत. ते बरोबर की चूक, हे कळल्याशिवाय तुम्हाला चैन पडणार नाही, याची लेखकाला पूर्ण कल्पना आहे.