कवळी आणि सदुपदेश

व्हिडिओ पाहून प्राथमिक शाळेतील मुलांचे वर्तन बिघडते, हे मुलांना पटवण्यासाठी मुख्याध्यापकांनी स्वतःचाच व्हिडिओ काढण्याचे ठरवले. या निर्णयातील विसंगती शाळेत कोणाच्याही ध्यानात आली नाही. आली असती, तरी तोंड उघडण्याची छाती कोणाची नव्हती.

संगणकाच्या बाईंनी मोबाइल धरला. "मुलांनो, तुम्ही जे पाहता तसेच वागू लागता," असे मुख्याध्यापक गरजले, आणि त्या आवेशात त्यांची वरची कवळी सुटली. अंगठ्याने त्यांनी ती ठक्कन बसवली, "असो" म्हटले, आणि उपदेश पुढे सुरू केला. हा प्रकार वारंवार घडला. ही क्रिया त्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती, की आपण काही करतो याची त्यांना शुद्धच नसे.

"सर, परत घेऊ या का? मध्येमध्ये जरा आवाज आलाय."

"कसला आवाज?"

बाईंनी नोकरीचा विचार केला. "पंख्याचा असेल."

"मग असू दे. मी एकदा बोललो की बोललो."

व्हिडिओ रोज दाखवावा, अशी आज्ञा पालकांना झाली. पालकांचे काय, मुलाला घास भरवताना समोर काहीतरी हलते असले म्हणजे त्यांचे कर्तव्य संपते. आजवर ते कार्टून लावत, आता मुख्याध्यापक लावू लागले. मुले तर दुप्पट जेवू लागली.

लवकरच दुसरीच्या वर्गात पाढा संपला, की सगळ्यांचे अंगठे दातांकडे जात, तोंडाने "ठक" होई, आणि मग "असो". घरोघरी तीच तऱ्हा.

"दूध तूच सांडलंस ना रे?"

"हो आई. ठक. असो."

मुख्याध्यापकांचा संताप अनावर झाला. त्यांची निवृत्ती जवळ आली होती, आणि मुदतवाढ सर्वस्वी तपासणीच्या साहेबांच्या मर्जीवर होती. ती न मिळाल्यास मेहुण्याच्या दुकानात गल्ल्यामागे बसणे नशिबी होते, आणि मेहुणा चौथी नापास होता. त्यांनी तातडीने पालकांना बोलावले.

"घरी कसले भिकार व्हिडिओ दाखवता?"

"देवाशपथ सर, फक्त तुमचाच दाखवतो," एका मुलीचे वडील म्हणाले.

"मग मात्रा कमी पडते आहे. दोनदा दाखवा."

पालकांनी माना डोलावल्या. खरे सांगून कोणी वाईटपणा घ्यावा?

दुसऱ्या आठवड्यात साहेब आले. दुसरीच्या वर्गात खुर्ची घेऊन त्यांनी पुढच्या बाकावरील मुलीला विचारले, "सात आठे?"

"छप्पन्न." अंगठा वर गेला. "ठक. असो."

साहेबांच्या भुवया चढल्या. "हे काय?"

"साहेब, हे व्हिडिओचे दुष्परिणाम," मुख्याध्यापक पुढे सरसावले. "मी कंठशोष करून सांगतो, मुले जे पाहतात तसेच वागतात." इतक्यात कवळी सुटली. अंगठा गेला. ठक.

"असो," संपूर्ण वर्ग एका सुरात म्हणाला.

साहेबांनी आधी वर्गाकडे, मग मुख्याध्यापकांकडे पाहिले.

"पटलं," साहेब म्हणाले आणि उठले.

मुख्याध्यापक दारापर्यंत मागे धावले. "साहेब, तेवढं माझ्या मुदतवाढीचं..."

"त्याचं असं आहे, सर," साहेब थबकले. त्यांचे सगळे दात अस्सल होते, तरीही अंगठा नकळत वर गेला. "असो."