नकाशावरची छत्री

पहिली छत्री आली तेव्हा नकाशेबुवा दात घासत होते. घंटा वाजली म्हणून तसेच ब्रश तोंडात धरून त्यांनी दार उघडलं. दारात एक अनोळखी गृहस्थ उभा, आणि त्याच्या हातात दोरीने गुंडाळलेली, धुळीने करडी झालेली काळी छत्री.

"ही जमा करायची आहे," गृहस्थ म्हणाला. "कचेरीच्या जिन्यात वर्षानुवर्षं टांगलेली होती. कुणाचीच नाही. आज तुमचा नकाशा बघितला, म्हटलं पोचवून टाकू."

"कुठे पोचवून?" नकाशेबुवांनी फेसातून विचारलं.

"इथेच की. हरवले-सापडले केंद्र." त्याने मोबाइल बुवांच्या नाकापुढे धरला. पडद्यावर त्यांची गल्ली होती, गल्लीत त्यांचं घर होतं आणि घरावर एक टुमदार लाल छत्री उमललेली होती.

ती छत्री बुवांनीच काढलेली होती. तोंडात फेस होता म्हणून त्यांना पटकन 'नाही' म्हणता आलं नाही. तेवढ्यात आतून त्यांची आई आली, तिने छत्री घेतली आणि बाहेरच्या खोलीतल्या खुंटीला अडकवली.

"राहू दे रे. एक छत्री काय जड आहे?" आई म्हणाली.

नकाशेबुवा शहराच्या कचेरीत नकाशे करत. कागदावरचे नव्हेत, संगणकावरचे. नकाशा दिसायला मोठा देखणा. बोट ठेवावं तिथे खूण उमलावी, खुणेला शिवावं तर चौकट उघडावी. झाडांचा थर, दिव्यांचा थर, तळ्यांचा थर; एकावर एक, दुलईवर दुलई घालावी तसे. खाली शहर बिचारं झोपलेलं, आणि वर बुवा एकटे जागे.

शहरात मात्र बुवा कधी फारसे हिंडत नसत. गरजच काय? नकाशावर आहे म्हणजे आहे, आणि नकाशावर नाही म्हणजे नाही, हे त्यांचं वाक्य कचेरीत सगळ्यांना पाठ होतं. एकदा एक वयस्कर गृहस्थ तक्रार घेऊन आले होते. तळ्याचा काठ रेखताना बुवांचा हात जरा सैल सुटला होता आणि गृहस्थांचं घर पाण्याच्या मधोमध गेलं होतं. सामान पोचवणारे लोक घराच्या अलीकडूनच परत जात.

"साहेब, माझे पाय बघा," ते काकुळतीने म्हणाले. "कोरडे आहेत हो."

बुवांनी मान वर केली नाही. "काका, नकाशावर तळं आहे म्हणजे आहे. तुम्ही घरी जाऊन नीट बघा."

तेव्हापासून कचेरीत त्यांचं नाव 'तळ्यातले काका' पडलं. बुवाही त्यावर हसले होते.

तर, नवा थर घातला की पहिली खूण स्वतःच्या घरावर टाकून बघायची, ही बुवांची सवय. घराचे अक्षांश-रेखांश त्यांना तोंडपाठ होते. बायकोचा वाढदिवस मात्र मोबाइलला विचारावा लागे. खूण उमटली, चौकट उघडली, की ती पुसायची आणि मग खऱ्या खुणा मांडायच्या. हरवले-सापडलेच्या थरापाशी घोडं अडलं. केंद्र आहे कुठे, हेच कचेरीत कुणाला सांगता येईना. "होती बुवा एक खोली," जुनी मंडळी म्हणाली, "चावी हरवली तेव्हापासून बंद असावी." हरवलेल्या वस्तूंच्या खोलीचीच चावी हरवावी आणि कुणाला हसू येऊ नये, अशी ती गंभीर कचेरी होती.

बुवांनी मग खूण पुसण्याऐवजी अख्खा थरच झाकून ठेवला. झाकलेला थर दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणजे नाही. नकाशाच्या उद्घाटनाच्या दिवशी कचेरीच्या साहेबांनी मात्र नेमकं 'सगळे थर दाखवा' या बटणावर बोट ठेवलं, आणि फोटो निघेपर्यंत ते काढलं नाही. पडद्यावर शेकडो खुणा फुलल्या. साहेबांचं लक्ष एकीवरच गेलं.

"वा! ही छत्री छान आहे."

टाळ्या पडल्या, आणि बुवांच्या घराचं केंद्र झालं.

छत्रीमागून एकटा बूट आला. मग हेल्मेट, शाळेचं दप्तर, रुमालात गुंडाळलेली कवळी, एक तुतारी आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातून एक कासव. वस्तूंच्या मागोमाग त्यांचे मालक आले, आणि मालकांपेक्षा जास्त, मालक म्हणवणारे आले. आई खुर्ची टाकून दारातच बसली. इतकी वर्षं घरात तिचं कुणी ऐकत नव्हतं. आता गावभरची माणसं तिच्यापुढे रांगेत उभी होती.

"कवळी कुणाची?"

"माझीच, आजी."

"घालून दाखवा."

तो निमूट निघून गेला.

"आणि हे कासव? हरवलं म्हणजे पळालं की काय?"

"पळालं नाही हो. गेलं हळूहळू. आम्हीच लक्ष दिलं नाही."

"मग घरी जाऊन आधी लक्ष द्यायला शिका, नंतर न्या."

आईची मजा चालली होती, पण बाहेरची खोली तिची नव्हती. ती बुवांच्या बायकोची होती. निदान तसा शब्द तरी होता. लग्नापासून बायको शिवणवर्ग काढायचं म्हणत होती, आणि लग्नापासून बुवा "खोली रिकामी होऊ दे" म्हणत होते. या वर्षी कुठे बुवांची जुनी यंत्रं तिथून हलली होती. तिने भिंतीला रंग दिला होता, कापड बेतायचं लांब टेबल आणलं होतं, शिकायला येणाऱ्या बायकांना सोमवार सांगितला होता. आता त्या टेबलावर कासव फिरत होतं.

"अहो," बायको म्हणाली, "सोमवारच्या आत ही खूण काढा."

"काढतो. एका क्लिकचं काम आहे."

बुवा कचेरीत गेले ते सरळ साहेबांपुढे.

"छत्री काढायची?" साहेबांनी चष्मा वर केला. "नकाशेबुवा, केंद्रं कमी झाली असं वर कळवू मी? नकाशातून काही कमी करायचं नाही. हलवायचं तर हलवा."

"कुठे हलवू, साहेब?"

"जिथे केंद्र चालू असेल तिथे. सध्या कुठे चालू आहे?"

"माझ्या घरी."

"मग हलवताय कशाला?"

बुवा आपल्या टेबलाशी परतले. त्यांनी आपल्या पेशातली युक्ती केली. खूण तिथेच ठेवली, पण तिचा रंग उतरवत उतरवत काचेसारखा करून टाकला. असून नसल्यासारखी. साहेबांनी पाहुण्यांना दाखवायला नकाशा उघडला तर छत्री दिसेना. त्यांनी फर्मान काढलं की छत्री मोठी करा आणि नकाशा कितीही लांबून पाहिला तरी दिसली पाहिजे. बुवांनी मुकाट्याने ती पुन्हा लाल करून मोठी केली. संध्याकाळपर्यंत त्या छत्रीखाली त्यांची सगळी गल्ली, पलीकडचा चौक आणि अर्धं रुग्णालय आलं. आता शेजारच्या गावांतूनही माणसं येऊ लागली.

सोमवारी बायका आल्या. हेल्मेटांच्या आणि बुटांच्या मधून जागा काढून बायकोने त्यांना पहिली बाही बेतायला शिकवली. तेवढ्यात गर्दीतल्या कुणीतरी "हाच माझा रुमाल" म्हणून ती बाही उचलली आणि आईच्या नजरेआडून नेली. तुतारीच्या मालकाने ती आपलीच आहे हे पटवायला वाजवून दाखवली. कात्री दचकली आणि एका बाईचं नवं कापड तिरकं फाटलं. बायका उठल्या.

"ताई, जागा झाली की कळवा," जाताना त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कीव होती. तेच बायकोला लागलं.

बुवा घरी आले तेव्हा ती फाटलेल्या कापडाला टाके घालत होती.

"मीपण नकाशेच काढते," ती मान वर न करता म्हणाली. "माणसाच्या अंगाचे. आधी टेप लावते, मग कागदावर रेघ ओढते. तरी खांदा चुकलाच तर उसवते. तुमच्या कचेरीत उसवायचं कुणाला येतच नाही का हो?"

"तसं नसतं ते. वरपर्यंत गेलेलं असतं सगळं."

"वर गेलंय, म्हणून मी खाली बसायचं?"

दुसऱ्या दिवशी दारात तळ्यातले काका उभे राहिले. त्यांना बघताच बुवा आतल्या खोलीत सरकले आणि पडद्याआडून कान देऊ लागले.

"काय हरवलं?" आईने विचारलं.

"घर," काका म्हणाले. "नकाशात होतं, तिथे आता पाणी आहे. इथे जमा झालंय का बघावं म्हटलं."

रांग हसली. आई हसली नाही.

"वर्णन सांगा."

हा प्रश्न त्यांना कचेरीत कुणी विचारलाच नव्हता. "निळं दार. पायरीचा एक टवका उडालेला. अंगणात लिंबाचं झाड. आमच्या हिने लावलेलं. ती गेली, झाड आहे."

"बसा," आई म्हणाली. "चहा घ्या. आलं तर ओळखू आम्ही."

काका बसले, आणि नंतर रोजच येऊन बसू लागले. घर शोधता शोधता त्यांनी नकाशाचा थर न् थर पालथा घातला होता. बनवणाऱ्यालाही नसेल एवढा तो त्यांना माहीत होता. बायकोचं टेबल बघून एक दिवस ते म्हणाले, "ताई, तुम्हाला खोली हवी ना? हा थर बघा. कचेरीच्या रिकाम्या खोल्या. मागेल त्याला देतात. मागत कुणी नाही, कारण हा थर उघडतच कुणी नाही. ही तळमजल्यावरची घ्या. मोठी आहे, उजेडाची आहे."

रिकामी खोली ओळखायची कशी, हे बुवांनीच यंत्राला शिकवून ठेवलं होतं: जिच्यावर कुठलीच खूण नाही ती रिकामी. हरवले-सापडलेची खूण बुवांच्या घरावर होती. तेव्हा खऱ्या केंद्राची बंद खोली यंत्राच्या मते मोकळीच होती.

बायकोने खुणेवर बोट ठेवलं, चौकट उघडली, तिने अर्ज भरला. साहेब काही वाचून सही करत नसत, म्हणूनच त्या कचेरीतली थोडीफार कामं होत. खोली मंजूर झाली. बायकोने चावीसाठी फोन लावला.

"चावी?" पलीकडून साहेबांचाच आवाज आला. "ती हरवली आहे हो बाई. तुम्ही असं करा, हरवले-सापडले केंद्रात चौकशी करा. नकाशावर मोठी छत्री आहे बघा."

बायकोने फोन ठेवला. मोठ्या छत्रीखालीच ती उभी होती. हळूहळू तिची नजर खुंटीवर गेली, तिथे टांगलेल्या पहिल्या छत्रीवर. कचेरीच्या जिन्यातली, कुणाचीच नसलेली.

"आई, ती छत्री द्या."

"काय हरवलं तुझं? वर्णन सांग," आई खुर्चीवरून म्हणाली. नियम म्हणजे नियम.

"एक खोली, आई. लग्नापासून हरवली आहे."

आईने पुढे काही विचारलं नाही. स्वतः उठून छत्री काढली, दोरी सोडली आणि फडकन उघडली. धूळ उडाली, आणि दुमडीतून एक गंजकी चावी टेबलावर पडली. तिला लाकडाचा बिल्ला बांधलेला होता, त्यावर 'हरवले-सापडले'. कासवाने मान बाहेर काढून तिच्याकडे पाहिलं.

हे कळलं तेव्हा बुवा आनंदाने घरभर फिरले. "सुटलो! उद्याच सगळं सामान तिकडे हलवू."

"तिकडे माझा वर्ग आहे," बायको टेप गुंडाळत म्हणाली. "नकाशावर बघा ना. केंद्र इथे आहे, ती खोली माझी आहे. नकाशावर आहे म्हणजे आहे."

ती लांब टेबल घेऊन गेली. आईनेही जाहीर केलं की आता तिला सुट्टी हवी, सून शिकवते तिथे ती काज-बटणं शिकणार आहे. कचेरीतून आल्यावर दारातली खुर्ची बुवांच्या वाट्याला आली. समोर बूट, हेल्मेटं, कासव, आणि कोपऱ्यात नेहमीचे तळ्यातले काका.

"आलं का हो माझं घर?" काकांनी विचारलं.

बुवांनी मांडीवरचा संगणक उघडला. तळ्यांचा थर वर आणला. त्या निळ्या डागावर बोट ठेवलं.

"काका," ते हळूच म्हणाले, "दार निळं म्हणालात ना?"

कमी तर काहीच करायचं नव्हतं. साहेबांचा हुकूम होता. हलवायला मात्र मुभा होती. बुवांनी तळं अलगद उचललं, टाका उसवावा तसं, आणि शहरावरून सरकवत एका प्रशस्त, हिरव्या, मोकळ्या जागी नेऊन ठेवलं. जागा छान होती. तिथे बंगला होता.

सकाळी फोन वाजला. "नकाशेबुवा!" साहेब ओरडत होते. "माझ्या बंगल्यावर तळं? दूधवाला परत गेला! पाय बघा माझे, कोरडे आहेत!"

बुवा तेव्हा दात घासत होते. या खेपेला मात्र त्यांनी आधी शांतपणे चूळ भरली.

"साहेब, नकाशावर आहे म्हणजे आहे," ते म्हणाले. "बंगला हरवला असेल तर केंद्रात या. छत्री मोठी आहे, लांबूनही दिसेल. येताना वर्णन मात्र नीट करून आणा."