वाघाला मागे टाकणारं हेलिकॉप्टर

एका जंगलात, बाळांनो, एक हेलिकॉप्टर होतं. जंगलात हेलिकॉप्टर कुठून आलं, असं विचारू नका. राजा होता, म्हणजे हेलिकॉप्टर असणारच.

ते बनवलं होतं त्र्यंबकराव नावाच्या उदमांजराने. नदीला पूर आला की हे हेलिकॉप्टर बुडत्या झाडावर जाऊन हवेत थांबायचं, दोर सोडायचं आणि अडकलेल्यांना वर घ्यायचं. जायचं हळू, पण थांबायचं फार छान.

एकदा सिंहमहाराज त्यात बसून निघाले. तेवढ्यात पलीकडच्या जंगलातल्या वाघाचं विमान शेजारून सुसाट गेलं. वर वाघाने खिडकीतून हात हलवला. महाराजांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"त्र्यंबक, याचा वेग दुप्पट कर!"

ते होणार नाही, हे त्र्यंबकरावांना पक्कं ठाऊक होतं. हेलिकॉप्टर पुढे निघालं की एका बाजूचं पातं वाऱ्यावर चाल करून जातं आणि दुसऱ्या बाजूचं मागे पळतं. वेग फार वाढला की मागे पळणाऱ्या पात्याला पुरेशी हवाच मिळत नाही, आणि सगळं धूड कलंडतं. पण या दरबारात 'होणार नाही' म्हणायची पद्धत नव्हती. 'अभ्यास चालू आहे' असं म्हणायचं असे.

"अभ्यास चालू आहे, महाराज," त्र्यंबकराव म्हणाले.

त्यांनी उलट फिरणारी आणखी पाती बसवली. यंत्र जड झालं. म्हणून मोठं इंजिन बसवलं, तर ते आणखी जड झालं. मग पंख लावले, शेपटीला पंखा लावला आणि वजन कमी करायला दोर काढून टाकला. तरी वाघ पुढेच.

मग प्रधान तरस पुढे आला. त्याला यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून तो समितीचा अध्यक्ष होता.

"अहो त्र्यंबकराव, डोक्यावरची ही पातीच वाऱ्याला आडवी येतात. काढा की!"

"मग ते हवेत थांबणार कसं?"

"थांबायचंय कुणाला? आपल्याला पुढे जायचंय!"

दरबाराने टाळ्या वाजवल्या. त्र्यंबकरावांनी मान खाली घालून पाती काढली. उतरायला आता धावपट्टी लागणार होती, म्हणून मोहाची झाडं तोडली.

"अरे, पण पूर आला तर रे?" घरी आईने विचारलं.

"अभ्यास चालू आहे, आई."

आणि पूर आला. त्र्यंबकरावांची आई नदीतल्या उंबरावर अडकली. त्र्यंबकराव यंत्र घेऊन धावले. आईने हात वर करून "अरे त्र्यंबका!" म्हणेपर्यंत ते डोंगरापलीकडे पोचले होते. वळले, आले, पुन्हा डोंगरापलीकडे. दर खेपेला पाणी वर चढत होतं. शेवटच्या खेपेला तिथे उंबर नव्हता. त्र्यंबकराव आत बसून हंबरडा फोडून रडले, पण एवढ्या वेगात तो कुणाला ऐकू येणार?

ते उतरले, तेव्हा धावपट्टीवर ढोलताशे वाजत होते. या खेपांत वाघाचा वेगाचा विक्रम मोडला होता. महाराजांनी स्वतः हार घातला. त्र्यंबकरावांनी तो घालूनही घेतला, लाज वाटली तरी.

"आईचं वाईट झालं," तरस हळहळला. "पण म्हातारीनेही जरा जागा बघायला हवी होती."

तात्पर्य : पुरात सापडायचंच असेल, तर शेजारी धावपट्टी आहे ना, हे बघूनच झाडावर चढावं.