आठ ते नऊचं ऊन

सन दोन हजार आठच्या पौषात, थंडी ऐन भरात असताना, चंपाक्का उपाध्ये यांच्या अंगणात सकाळी आठ ते नऊ ऊन पडत नव्हतं. ते बाबगोंडा मगदुमांनी थोरल्या मुलाच्या लग्नात उसनं नेलं होतं आणि अजून परत केलं नव्हतं.

नेण्याला कारण होतं. मगदुमांच्या दारात मांडव घातला होता. मांडवाखाली अंधार, त्यात वीज गेलेली. व्हिडिओवाला म्हणाला, उजेड नसेल तर नवरानवरी काळी येतील. मगदूम शेजारच्या भिंतीपाशी गेले. चंपाक्कांनी विचारलं, "किती पाहिजे?" मगदूम म्हणाले, "तासभर." चंपाक्कांनी भिंतीवरून दिलं. लग्न लागलं, ऊन वऱ्हाडावर खर्ची पडलं. तेव्हापासून चंपाक्कांच्या अंगणात रोज आठाला तिन्हीसांज होई आणि नवाला परत उजाडे. तेवढ्यापुरता त्या कंदील लावत. कोंबड्या खुराड्यात जात आणि पुन्हा बाहेर येत. गल्लीत कुणाला त्याचं काही वाटत नसे. उसनवारी सगळ्यांचीच चालते.

मगदुमांना मात्र वाटे. माणूस ताठ. यंत्रमागावर आयुष्य गेलं, पण कुणाचा चहा फुकट प्यायले नाहीत. मध्यंतरी त्यांनी एका जुन्या कॅमेऱ्यात थोडं ऊन भरून नमुना नेला होता. चंपाक्कांनी ते हातावर घेतलं, बोटांत चुरून पाहिलं.

"पोत जाड हाय, अण्णा. मी मलमल दिली होती. हे गोणपाट."

त्यांनी ते परत केलं. ते ऊन अजून मगदुमांच्या न्हाणीपाशी पडून होतं. त्यात पायपुसणी वाळत घालत. जसं नेलं तसं द्यावं हा गल्लीचा रिवाज, आणि तो मगदुमांना मान्य होता.

त्या पौषात चंपाक्कांची लेक सुनंदा माहेरी बाळंत झाली. मुलगी झाली, पण फार नाजूक. अंगाला तेल लावायला येणारी सुईण म्हणाली, हिला रोज कोवळं ऊन दाखवा, नाहीतर ही बाळसं धरायची नाही. त्या अंगणात आठापर्यंत सूतगिरणीच्या भिंतीची सावली, आणि नवानंतरचं ऊन तान्ह्या अंगाला सोसत नाही. मधलं तेवढं मगदुमांकडे. सव्वा महिना पुरा झाल्याशिवाय बाळाला दुसऱ्याच्या आवारात न्यायचं नसतं.

चंपाक्का भिंतीपाशी आल्या.

"अण्णा, माझं ऊन पाहिजे."

"देतो."

"ज्याचं लगीन झालं त्याची पोरं शाळेला जायला लागली. मी कधी तोंड उघडलं न्हाई."

"देतो म्हटलं की. शनिवारी."

"गोणपाट आणू नका."

ते मगदुमांना लागलं.

दुसऱ्या दिवशी ते सांगलीला कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. दुकानदाराचं नाव वसगडेकर. त्याने विचारलं, "कॅमेरा कशाला पाहिजे?"

"ऊन परत करायचंय. तासाचं."

"कडक का कोवळं?"

"कोवळं. तान्हं बाळ आहे."

वसगडेकराने मान हलवली आणि तीन कॅमेरे काचेवर मांडले.

"हा कार्डाचा. हलका आहे, नवा आहे, पण तुम्हाला चालायचा नाही. कार्डावरून ऊन दिलं तरी कार्डावर ते राहतंच. त्यांच्याकडेही ऊन, तुमच्याकडेही ऊन. याला परतफेड म्हणत नाहीत. परवा मिरजेचे एक गृहस्थ असंच चांदणं देऊन आले. घेणाऱ्याने रस्त्यात फेकलं."

"बरोबर केलं," मगदूम म्हणाले.

"हा तबकडीचा. तबकडी अर्ध्या तासात भरते. मध्येच बदलावी लागेल, म्हणजे साडेआठाला सांधा येणार."

"उन्हाला सांधा नको."

"मग हा टेपचा. कॅसेटमध्ये तास बसतो. टेप एका चकरीवरून सुटते, दुसरीवर जाते. दिलं की आपल्याकडे काही उरत नाही."

"मागचाही टेपचाच होता. गोणपाट आलं."

"तो जुना. हा हाय डेफिनिशन. जुन्यात चित्राच्या सहाशेसुद्धा ओळी नव्हत्या. यात एक हजार ऐंशी."

मगदुमांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "सगळ्या एकदम येतात?"

"नाही. आधी एकाआड एक, मग मधल्या."

"म्हणजे एका वेळेला अर्धंच ऊन."

"दोन खेपांत भरतं. डोळ्याला कळत नाही."

"डोळ्याचं राहू दे. बाळाच्या अंगावर पट्टे उठतील का?"

वसगडेकराने विचार केला. "बाळ हललं नाही तर नाही उठणार."

"बाळ हलणारच."

"तेल लावल्यावर झोपतं हो. आमचं झोपायचं."

हे मगदुमांना पटलं. गेल्या साली माग मोडीत घातला होता, ते पैसे त्यांनी पुढे केले.

"एक ध्यानात ठेवा," वसगडेकर म्हणाला. "भरताना मध्ये कुणाला येऊ देऊ नका. सावली पडली तर ती उन्हाबरोबर जाते. मग निघत नाही."

घरी त्यांच्या पत्नी इंदुमतीबाई पातेलं घासत होत्या. मगदुमांनी सांगितलं, त्यांनी ऐकलं.

"आणि आपलं अंगण?"

"आठ ते नऊ अंधार राहील."

"कायमचा?"

"त्यांना राहिला तसा."

"मी रोज तिथं बसते. तेवढाच तास गुडघे धड असतात."

"न्हाणीपाशी बस. तिथं आहे थोडं."

"ते तुमचं ऊन टोचतं. तुम्ही बसा त्यात." त्यांनी पातेलं उपडं केलं. "उसनं आणताना मला विचारलं होतं?"

"लग्न तुझ्याच मुलाचं होतं."



शुक्रवारी आठाला मगदुमांनी कॅमेरा स्टुलावर ठेवून बटण दाबलं. मागावरचं कापड तुरीच्या रुळावर गुंडाळत जावं तसं अंगणातलं ऊन आत जाऊ लागलं. त्यांनी दारं लोटून घेतली होती. थोड्या वेळाने कडी वाजली. इंदुमतीबाई सूप घेऊन बाहेर आल्या आणि रोजच्या पायरीवर बसल्या. तांदूळ पाखडायला घेतले. मगदुमांनी हात वर केला. बाईंनी पाहिलं नाही. टेप थांबवली तर उन्हाला सांधा येणार होता. ओरडता आलं असतं. मगदुमांनी हात खाली घेतला. बाईंनी तांदूळ पाखडले, सूप बाजूला ठेवलं, भिंतीला पाठ टेकून डोळे मिटले. कॅसेट संपेपर्यंत त्या तशाच बसून होत्या.

शनिवारी आठाला मगदुमांच्या अंगणात अंधार झाला. त्यांनी चाचपडत जाऊन कॅमेरा मधल्या भिंतीवर ठेवला, तोंड पलीकडे केलं, टेप चालू केली. चंपाक्कांच्या अंगणात ऊन पडलं. त्यांनी ते बोटांत चुरून पाहिलं.

"मलमल," त्या म्हणाल्या.

सुनंदाने बाळाला बाहेर आणलं, पाय पसरून पायांवर निजवलं. तेवढ्यात कोपऱ्यात एक सावली येऊन बसली. बाईमाणसाची, हातात सूप.

"ही कोण?"

"घरची. भरताना मध्ये आली."

"मी दिलं त्यात सावली न्हवती."

"नव्हती. चूक माझी. ती निघत नाही." मगदूम भिंतीशी ताठ उभे राहिले. "नको असेल तर सगळं परत नेतो."

चंपाक्का बराच वेळ पाहत राहिल्या. सावली पाखडत होती. बाळ कुरकुरत होतं, ते गप्प झालं आणि झोपलं.

"रोज येणार ही?"

"रोज."

चंपाक्का आत गेल्या. पाट घेऊन आल्या आणि सावलीखाली सरकवला.

भिंतीच्या अलीकडे इंदुमतीबाईंनी कंदील लावला. नवाला कॅसेट संपली. उसनं फिटलं.