कॅमेरा धरणारा

राळेगावचे सुखदेवजी छायाचित्रकार चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीरांना समव्यावसायिक मानीत. स्टुडिओत आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, मासिकांतून कापून पुठ्ठ्यांवर चिकटवलेली चांद्रभूमीची छायाचित्रे आधी पाहावी लागत. त्यांवर सुखदेवजींचा अभिप्राय ठरलेला असे. "उजेड कडक हाये. सावली अशी काळीकुट्ट येऊ देऊ नये. पन पह्यली खेप होती, माफ."

एकदा एका वधूपित्याने वैतागून विचारले, "भाऊ, पोरीचा फोटो काढून राह्यले, का तिले चंद्रावर देऊन राह्यले?"

"तिकडचं स्थळ नोका पाहू," सुखदेवजी गंभीरपणे म्हणाले. "पान्याची सोय नाही."

मी त्यांचा शेजारी, निवृत्त शिक्षक. थट्टामस्करी मला रुचत नाही. तरीही संध्याकाळी मी तेथे बसत असे.

त्यांची एक तक्रार मी नित्य ऐकली. "गुरुजी, पह्यल्यांदा दोघं उतरले. पन फोटोत पाहा, हा एकच. दुसऱ्याचा धड फोटो नाही. काहून? कॅमेरा त्याच्या हाती."

आतून त्यांच्या पत्नी कमलबाई म्हणत, "त्याची बायकोही माह्यासारखीच असन. साऱ्या फोटोत एकटी."

ते खरे होते. भिंतीवर कमलबाईंची कितीतरी छायाचित्रे होती. सुखदेवजी एकाही चौकटीत नव्हते. "अवो, दोघांचा एक काढा न," असे त्या म्हणाल्या की उत्तर येई, "मंग कॅमेरा कोन धरीन?" आपले यंत्र दुसऱ्याच्या हाती देणे त्यांना अधर्म वाटे. कॅमेऱ्याला टायमर आहे, असे मी सुचवून पाहिले. "मशीनकडं पाहून चेहरा येत नाही, गुरुजी. समोर मानूस लागते."

पुढे कापसाचे भाव कोसळले. तालुक्यातील लग्ने लांबली आणि स्टुडिओ ओस पडला. जो येई, तो गेलेल्या माणसाच्या ओळखपत्रावरील इवलासा फोटो मोठा करून मागे. सुखदेवजी काम चोख करीत आणि रागावत. "जिता होता तवा काहून नाही आनला त्याले?"

त्याच काळात कमलबाई अल्पशा आजाराने गेल्या.

महिनाभराने सुखदेवजींनी मला बोलावले. दिवे लागलेले होते. तिपाईवर कॅमेरा सज्ज होता. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

"गुरुजी, बटन तुमी दाबा," ते म्हणाले आणि जोडप्यांसाठी ठेवलेल्या बाकाच्या अगदी एका टोकाला जाऊन बसले.

"मधोमध बसा," मी सांगितले.

"राहू द्या. तिले माह्या डाव्या अंगाले बसाची सवय हाये."

बाकावरची रिकामी जागा चौकटीत यावी म्हणून मी कॅमेरा किंचित उजवीकडे वळवला आणि बटन दाबले.