शंकरआप्पांचा उजवा डोळा

उलटी झाली म्हणून पेढे वाटणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या शिरूरच्या कॉलनीतले शंकरआप्पा. मुलाकडे मुंबईला गेले होते. तिथून हट्टाने लाँचमध्ये बसून अलिबागकडे निघाले आणि दहा मिनिटांत आडवे झाले. परत आले ते पेढ्यांचा पुडा घेऊनच. "सर, लागली बरं का बोट. सायेबांनाबी लागायची, जल्मभर," असं म्हणत त्यांनी माझ्या हातावर दोन पेढे ठेवले. पेढे कशाचे हे बायकोला समजावून सांगायला मला अर्धा तास लागला, आणि समजल्यावर तिने तो पेढा खाल्ला नाही.

हे साहेब म्हणजे इंग्रजांच्या आरमाराचा दोनशे वर्षांपूर्वीचा एक सेनापती. नाव मी लिहीत नाही, कारण आप्पाही कधी घेत नाहीत. थोरामोठ्यांना नावाने हाक मारू नये असं त्यांचं मत आहे. धर्मोपदेशकाचं पोर, बाराव्या वर्षी जहाजावर चढलं. ऐन तारुण्यात हिंदुस्थानच्या किनाऱ्यालाही येऊन गेलं आणि तापाने अर्धमेलं होऊन परत गेलं. "आपलं पाणी त्येला मानवलं न्हाई," हे आप्पांचं त्यावरचं भाष्य. पुढे एका लढाईत उजवा डोळा गेला, दुसऱ्या लढाईत उजवा हात. तरी हा माणूस जिंकतच राहिला आणि सगळ्यात मोठ्या विजयाच्या दिवशी जहाजावरच गेला. मी शाळेत इतिहास शिकवतो, पण एवढंही मला आप्पांमुळे कळलं, हे कबूल करायला हवं.

आप्पा रेल्वेत गार्ड होते, दौंडला. सगळी नोकरी मालगाडीवर. तिथल्या रेल्वे कॉलनीत एका म्हाताऱ्या ड्रायव्हरचं घर रिकामं होत होतं, तेव्हा रद्दीवाल्याच्या हातगाडीवरून त्यांनी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक उचललं. तेच साहेबांचं चरित्र. आप्पा दहावी नापास. शेजारी डिक्शनरी ठेवून गार्डाच्या डब्यात त्यांनी ते अकरा वर्षं वाचलं. मालगाडी जिथे खोळंबेल तिथे एक पान. एक अख्खी लढाई त्यांनी विसापूरच्या लूपलाइनवर, बाजूच्या रुळावर उभ्या गाडीत जिंकली, असं ते सांगतात, आणि मालगाड्यांचं नशीब पाहता मला ते खरं वाटतं.

रिटायर झाल्यावर बहुतेक रेल्वेवाले दौंडलाच घर बांधतात. आप्पांनी शिरूर गाठलं. दौंडला ओळखीचं लग्न असलं तरी जायचे नाहीत, त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, एकट्या जाऊन यायच्या. मला तो विक्षिप्तपणाच वाटायचा. त्यांच्याकडे त्याची टंचाई नव्हतीच.

आप्पा बसत नाहीत. चहा उभ्याने पितात, पेपर चालता चालता वाचतात, एसटीत जागा असली तरी दांडीला धरून उभे राहतात. पहाटे पाचपासून गच्चीवर येरझारा सुरू. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बावीस पावलं, गर्रकन वळून पुन्हा बावीस. गच्चीला ते 'डेक' म्हणतात. त्यांच्या डेकची आणि माझ्या झोपायच्या खोलीची भिंत एकच आहे, त्यामुळे त्या वळण्याचा धप्प आवाज माझ्या डोक्यातही वळतो. त्यांच्या घरात पाच मिनिटं बसलं तरी आपल्याला उगाच उठून काहीतरी करावंसं वाटायला लागतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी साहेबांच्या जयंतीचा फ्लेक्स लावायचं ठरवलं. फ्लेक्सवाल्या पोराने विचारलं, पद काय टाकू? आप्पा म्हणाले, ॲडमिरल. पोराने विचारलं, आजी की माजी? आप्पा उखडले आणि बाकीचं तुझं तू बघ म्हणून निघून आले. त्याने ते त्याच्या रिवाजाप्रमाणे बघितलं. दुसऱ्या दिवशी कॉलनीच्या तोंडाशी झालरीची टोपी घातलेला गोरा माणूस झळकला. वर 'युवकांचे प्रेरणास्थान', मध्ये 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा', आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत मला न विचारता माझा फोटो. दुपारपर्यंत मला चार फोन आले. साहेब येणार कधी, सत्कार कुठे ठेवलाय, कोणत्या पक्षाचे. कवठे येमाईहून एकाने बदलीच्या कामाचं विचारलं.

टँकरचा किस्सा त्याहून वाईट. पाणी कमी होतं, पलीकडच्या गल्लीतल्या बाया आधी येऊन हंड्यांची लांबलचक रांग लावायच्या. आप्पांनी आमच्या गल्लीतल्या बायांना जमवून साहेबांचा डाव सांगितला: समोरासमोर भिडायचं नाही, दोन फळ्या करून त्यांची रांग मधोमध दोन ठिकाणी फोडायची. बायांनी फोडली. पाणी मिळालं, पण आठवडाभर दोन्ही गल्ल्या एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि ज्या घरची सून एका गल्लीतली आणि माहेर दुसऱ्या गल्लीत, तिथे तर हलकल्लोळ झाला.

हे सगळं चाललं असतं. पण यंदा त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, महिन्याभरात काढला नाही तर डोळा हातचा जाईल. रेल्वेच्या पेन्शनरांसाठी दौंडला शिबिर होतं, नाव नोंदवून झालं होतं. आप्पांनी साफ नकार दिला. साहेबांचा उजवाच गेला होता, माझाही जाऊ दे, एका डोळ्यावर आरमार चालतं तर माझं काय अडतंय, हे त्यांचं म्हणणं. मुलांनी फोनवरून समजावलं, रागावले, शेवटी दमले. शिबिराला चार दिवस उरले तेव्हा काकी आमच्या दारात आल्या. त्या सहसा कुणाच्या दारात जात नाहीत. म्हणाल्या, "सर, त्ये तुमचं ऐकत्यात. परवा जिन्यावरून घसरलं. तुमी येकदा बोला."

मी तयारीनिशी गेलो. दोन रात्री साहेबांवर जे मिळेल ते वाचून काढलं होतं. सकाळी गच्चीवर गेलो, आप्पांच्या येरझारा चालूच होत्या. एका कोपऱ्यात काकी प्लास्टिकच्या कागदावर कुरडया घालत होत्या. मी त्यांच्याबरोबर बावीस पावलं जात, बावीस पावलं येत बोलायला लागलो. म्हटलं, आप्पा, तुमच्या साहेबांनी उरलेला डोळा जिवापाड जपला होता. उन्हाचा त्रास नको म्हणून टोपीला हिरवी झापड लावून घेतली होती. त्या काळी उपाय असता तर त्यांनी गेलेला डोळाही बरा करून घेतला असता.

आप्पा थांबले. त्यांना मधल्या पावलावर थांबलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"सर, सायेबांची शिग्नलची गोष्ट ठावं हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

ती कॉलनीतल्या पोराटोरांना ठाऊक आहे. लढाई ऐन रंगात असताना वरच्या सेनापतीने माघारीचं निशाण चढवलं. साहेबांनी दुर्बीण आंधळ्या डोळ्याला लावली, आपल्याला काही दिसत नाही म्हणाले, लढत राहिले आणि जिंकले. ही गोष्ट आप्पांनी मला पन्नासदा तरी सांगितली असेल, आणि दर वेळी हसत.

या वेळी हसले नाहीत. म्हणाले, "मला दिसला व्हता. लाल. ह्याच डोळ्यानं."

मग ते कठड्याला टेकून सांगायला लागले, आणि माझ्याकडे न बघता सांगत राहिले. त्यांना एक मुलगी होती, सगळ्यात थोरली. सहा वर्षांची. हे मला माहीत नव्हतं. कॉलनीत कुणालाच नव्हतं. ते मनमाडकडून मालगाडी घेऊन येत असताना मागच्या स्टेशनवर निरोप मिळाला, पोरीला ताप चढलाय, लवकर या. आणि दौंडच्या बाहेर, भीमेच्या पुलाजवळ सिग्नल लाल. दुपारी एकपासून गाडी सव्वादोन तास उभी राहिली. तिथून रेल्वे कॉलनीची पाण्याची टाकी दिसत होती. पायी अर्ध्या तासाची वाट. पण गार्डाने उभी गाडी सोडायची नसते, मागून दुसरी गाडी येऊन आदळू शकते. आप्पा सव्वादोन तास डब्यातून खाली उतरले, वर चढले, पुन्हा उतरले. रुळाच्या कडेने चालत राहिले, गाडीच्या लांबीएवढे जायचे आणि परत यायचे. घरी पोचले तेव्हा पोर गेलेली होती.

"येका डोळ्यानं आंधळा असतो तर गेलो असतो, सर. सायेबांसारखा. म्हून म्हनतो, ह्यो डोळा ऱ्हाऊ द्या झाकल्याला. माझ्या वाटंकडं बघत बघत गेली आसल ती."

इतकी वर्षं मी या माणसाच्या येरझारांना हसत होतो, त्याच्या नकला करून स्टाफरूममध्ये चहा वसूल करत होतो. मला माझी लाज वाटली.

काकींचा सोऱ्या थांबला होता. त्या उठल्या, पदराला हात पुसले आणि आप्पांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "ती दुपारी बारालाच गेली व्हती. तवा तुमची गाडी पुलापाशी आलीबी नव्हती. उडी टाकून आला असता तरी गावली नसती."

आप्पा कठडा सोडून त्यांच्याकडे वळले. म्हणाले, "मंग इतकी वरसं बोलली न्हाईस?"

"तुमी कवा इचारलंच न्हाई," काकी म्हणाल्या. "तुमी तिचं नावबी घेईना झालात. मला वाटलं, तुमास्नी सोसत न्हाई. म्हून मीबी गप बसले."

मी जिना उतरून खाली आलो. त्या दिवशी गच्चीवरून पावलांचा आवाज आला नाही, आणि त्या शांततेने मलाच चैन पडेना.

शिबिराच्या दिवशी मी त्यांना जीपने नेलं, न्हावऱ्यावरून. आप्पा पुढच्या सीटवर बसले. बसले, हे मुद्दाम सांगतो. चौफुला मागे पडल्यावर त्यांनी काच खाली केली आणि दौंड येईपर्यंत बाहेर बघत राहिले. मी साहेबांचा विषय काढून पाहिला, त्यांनी नुसती मान हलवली. काकी मागे पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

ऑपरेशनच्या आधी तासभर दर दहा मिनिटांनी डोळ्यात थेंब घालतात. घालणारी सिस्टर तरुण होती, बडबडी होती. म्हाताऱ्यांची भीती जावी म्हणून ती प्रत्येकाशी काहीतरी बोलत होती. गाव कुठलं, नोकरी कुठे होती, सोबत कोण आलंय. आप्पांपाशी आली, त्यांची हनुवटी वर केली आणि विचारलं, "आजोबा, मुलं किती तुम्हाला?"

या प्रश्नाला आप्पांचं उत्तर मी डझनभर वेळा ऐकलेलं होतं. दोन मुलगे, एक मुंबईला आणि एक चाकणला.

"तीन," आप्पा म्हणाले. "थोरली पोरगी. तारा तिचं नाव."

सिस्टरने छान म्हणून थेंब घातला आणि ती पुढच्या पेशंटकडे गेली. काकींनी पिशवीतून रुमाल काढून आप्पांच्या दोन्ही गालांवरचं पाणी पुसलं. पुन्हा आलं, पुन्हा पुसलं. थेंब फक्त उजव्या डोळ्यात घातला होता.