बोरीला न थांबणारी गाडी

मधुकर ढवळ्यांच्या घरात शिरायचं तर आधी सिग्नल मिळावा लागतो.

पहिल्यांदा मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले, तेव्हा दार सताड उघडं होतं. पण दारात, माझ्या कमरेच्या उंचीवर, एक फळी आडवी टाकलेली होती आणि फळीवर दोन बारीक रूळ होते. आतून एक हात बाहेर आला. हातात लाल रुमाल.

"थांबा. मालगाडी येतेय."

मी वाटी धरून उभी राहिले. आतल्या भिंतीकडून घरघर ऐकू आली आणि काडेपेट्यांएवढे डबे एकामागून एक माझ्या वाटीसमोरून निघून गेले. शेवटचा डबा गेल्यावर ढवळ्यांनी फळी बिजागरीवर उचलली आणि म्हणाले, "या. लाइन क्लिअर."

"मी आत आल्यावर सोडली असती गाडी तर?"

"गाडी माणसासाठी थांबत नाही, सामंतबाई. सिग्नलसाठी थांबते."

ईरा, अर्जुन, तुम्ही फोनवर विचारता ना, आजी तिथे भरे गावात दिवसभर करते काय? निम्मा वेळ मी ढवळ्यांच्या दारात मालगाडी जायची वाट बघत उभी असते.

आमच्या गावाला रेल्वे नाही. पौड तालुक्याचं ठिकाण, पण तिथेही नाही. तिथे एसटी स्टँड आहे. सगळी रेल्वे ढवळ्यांच्या घरात. रूळ बाहेरच्या खोलीतून निघतो, दार ओलांडतो, पुस्तकांच्या कपाटामागून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत जातो आणि फ्रिजला वळसा घालून परत येतो. ढवळे पिरंगुटच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंत चुका काढण्यात नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर ते स्वतःच वस्तू बनवू लागले आणि त्यांतल्या चुका काढू लागले. लग्न केलं नाही. गावात त्यांना टेसनमास्तर म्हणतात आणि त्यांना ते आवडत नाही, कारण ते म्हणतात, स्टेशनमास्तरचं काम वेगळं.

हौसाबाई त्यांच्याकडे आणि माझ्याकडे केर-लादी करतात. फळी आडवी असली की त्या बादली आपटतात.

"आवं सायेब, लादी पुसू का तुमच्या गाडीची वाट बघू?"

"दोन मिनिटं, हौसाबाई. कोळसा चाललाय."

"कुटं चाललाय? ह्या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात! त्यो कोळसा सकाळी बी हितंच हुता."

ढवळ्यांचा जीव मालगाडीच्या जुन्या डब्यांवर. मराठीत त्या डब्याला वाघीण म्हणतात. अर्जुन, वाघाची बायको नव्हे. माझ्या लहानपणी वर्तमानपत्रात 'साखरेच्या वाघिणी आल्या' असं छापून यायचं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही. ढवळे या वाघिणी लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्यातून कापतात. बोथट सुईने मागून टोचून त्यावर रिव्हेटांचे उंचवटे काढतात. गेरूत रंगवतात आणि जुनाट दिसाव्यात म्हणून चहाच्या पाण्याचा हात देतात. धान्याची पोती जुन्या धोतराची असतात, आत राजगिरा भरलेला. गुरांच्या डब्याच्या फळ्यांत किती फट असायची, यावर त्यांचा इंग्लंडमधल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांशी पत्रव्यवहार चालतो. इंग्रजी तपासायला पत्रं माझ्याकडे येतात. गुरांच्या डब्याच्या एका कडीबद्दल मी इतकी सभ्य इंग्रजी वाक्यं लिहिली आहेत की तेवढी मी तुमच्या आजोबांना लग्नाआधी लिहिली नव्हती. ते गृहस्थही तितक्याच सभ्यपणे विचारतात, तुमच्याकडे पावसाळ्यात लाकडी दारं फुगायची का? ढवळे दोन दिवस विचार करून उत्तर देतात.

मालगाडीखेरीज त्यांच्याकडे एकच दुसरी गाडी आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीतली जादा गाडी. पूर्वी मे महिन्यात गर्दी व्हायची तेव्हा रेल्वे यार्डातले कुठले कुठले जुने डबे जोडून अशी गाडी सोडायची. एक डबा लाल, एक तपकिरी, एकाच्या खिडक्या वेगळ्याच. मंगल कार्यालयाबाहेरच्या चपलांसारखा सगळा मेळ. ढवळ्यांनी तो बेमेळ अगदी मेळ घालून उतरवला आहे.

ही गाडी बोरी नावाच्या छोट्या स्टेशनात थांबत नाही. बोरी म्हणजे खिडकीखालचं टेबल. तिथे बाजूच्या रुळावर मालगाडी उभी असते आणि सुट्टीची गाडी तिच्या अंगावरून धडधडत निघून जाते. एकदा मी म्हटलं, "थांबवा की जरा, छान दिसेल."

"बोरीला थांबा नव्हता."

"पण गाडी तुमची आहे."

"म्हणून काय झालं? नियमात बसत नाही."

मग रंगाचा ब्रश पुसता पुसता त्यांनी ते सांगितलं. त्यांचे वडील मालगाडीवर गार्ड होते. घर दौंडच्या रेल्वे कॉलनीत. मे महिन्यात आई त्यांना आणि थोरल्या बहिणीला, आक्काला घेऊन माहेरी, मनमाडला जायची, या जादा गाडीने. वडिलांना सुट्टी कधी मिळायची नाही, कारण मालाला सुट्टी नसते. पण ड्युटीचा मेळ बसला तर ते आदल्या दिवशी सांगून ठेवायचे: उद्या बोरीला बघा, माझी गाडी तिथे उभी असेल. एकेरी मार्ग होता, एका गाडीने बाजूला उभं राहायचं आणि दुसरीने जायचं. मालगाडीने अर्थातच उभं राहायचं.

"मग दिसायचे का वडील?"

"मला? कसे दिसणार? खिडकीत आक्का! मी तिच्या कोपराखाली. आधी इंजिन यायचं, मग वाघिणी. त्या मी सगळ्या बघायचो. मीठ, कोळसा, गुरं. बाबा अगदी शेवटच्या डब्यात. तो आला की आक्का अर्धी बाहेर वाकायची आणि खिडकी भरून जायची. मग आत येऊन सांगायची, बाबा हसले. दर वेळी तिलाच हसले!"

हे सांगताना सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाचा आवाज चढला होता.

त्यांच्या मालगाडीचा शेवटचा डबा मी नंतर नीट पाहिला. मागे छोटा सज्जा, कठडा, दिव्याची कडी, सगळं जिथल्या तिथे. सज्जा तेवढा रिकामा. ढवळ्यांना वडिलांना तिथे उभं करायचं होतं, पण ते कसे उभे राहायचे हे ठाऊक नव्हतं आणि ठाऊक नसलेली गोष्ट ते बनवत नाहीत. वडिलांचा नोकरीवरचा फोटो नव्हता. वडील जाऊन फार वर्षं झाली, आईही गेली. राहिली एक आक्का, भुसावळला, मुलाकडे.

"मग विचारा ना आक्कांना. फोन करा."

"फोनवर तिचं आपलं एकच. हसले."

या मे महिन्यात आक्का आल्या. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली होती, ऐंशी पूर्ण झाली होती. फोनवर त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, एकदा तुझं घर बघून जाते, पुन्हा प्रवास झेपायचा नाही. म्हणजे विचारायचं ते आता विचारायचं होतं. ढवळ्यांनी आठवडाभर आधी घर झाडलं, रूळ पुसले आणि माझ्याकडून एक चांगली चादर नेली.

आक्का मोटारीतून उतरून काठी टेकत दारापर्यंत आल्या. फळी आडवी. आतून लाल रुमाल.

"मध्या, माझ्या गुडघ्यांत लोखंड आहे आणि ते तुझ्या रुळांपेक्षा महाग पडलंय. उचल ती फळी!"

मालगाडी मध्येच थांबली. मी हे पहिल्यांदाच पाहत होते.

त्यानंतर तीन दिवस ढवळ्यांनी आक्कांना वाघिणी दाखवल्या. मिठाच्या वाघिणीला गंज आधी कुठे चढतो, तेलाच्या टाकीचं झाकण कसं उघडतं. विचारायचं ते विचारलं नाही. मी खुणा करायचे, ते मान हलवून पुढची वाघीण काढायचे. आक्का म्हणाल्या, "रूळ टाकलेस तेवढ्या वेळात दोन संसार झाले असते रे."

"संसार नियमात बसत नव्हता."

"खरं सांग, तुला कुणी हो म्हटलं नव्हतं."

"तेही आहेच."

पाचव्या दिवशी सकाळी त्या निघणार होत्या. शेवटच्या दुपारी मी चहाला गेले होते. हौसाबाईंनी डोंगरातून पानांच्या द्रोणात करवंदं आणली होती आणि आक्का ती मीठ लावून खात होत्या. ढवळ्यांनी गार्डचा डबा तळहातावर घेतला आणि त्यांच्यासमोर धरला.

"आक्का, इथे बाबांना उभं करायचंय. कसे उभे राहायचे?"

आक्कांनी करवंद तोंडात टाकलं. "सांगितलंय की शंभरदा. हसत."

"हसू चालणार नाही. एवढ्याशा माणसाचं हसू दिसत नाही. हात कुठे, पाय कसे, मान कशी, तेवढंच दिसतं. मान कशी होती?"

आक्का द्रोणातली करवंदं उगाच वरखाली करत राहिल्या.

"मान खाली होती," त्या म्हणाल्या.

"खाली?"

"हसायचे नाहीत ते. बघायचेच नाहीत आपल्याकडे. मी हात हलवायचे, बाबा बाबा म्हणून ओरडायचे. आपली गाडी संपेपर्यंत मान वर नाही. आईला काय सांगणार? म्हटलं, हसले. एकदा म्हटलं, मग दर वर्षी तेच. तुला तर त्याचा राग यायचा, म्हणून जास्तच म्हणायचे." मग जरा थांबून म्हणाल्या, "लग्न होऊन गेले तरी मनात होतं. वर्षाकाठी एकदा लेकरं समोरून जातात आणि बाप मान वर करत नाही. असं काय केलं होतं आम्ही?"

ढवळ्यांनी डबा टेबलावर ठेवला.  त्यांचा आवाज एकदम तपासणी खात्यातला झाला.

"खाली म्हणजे कुठे? स्वतःच्या पायाशी?"

"नाही. आपल्या गाडीच्या खाली."

"मान एका जागी होती की हलत होती?"

"हलायची. असं इकडून तिकडे, पुन्हा इकडून तिकडे. नाही म्हणत असल्यासारखी."

"आणि गाडी गेल्यावर?"

"गेल्यावर हिरवा झेंडा काढायचे. तेव्हा आम्ही कुठल्या कुठे!"

ढवळे उभेच राहिले. "आक्का, ते चाकं बघत होते."

"काय?"

"चाकं. स्वतःची गाडी उभी असताना समोरून दुसरी गेली तर गार्डने तिची चाकं बघायची. कुठे धूर निघतोय का, चाकांमधला दांडा, आस, तापलाय का, खाली काही लोंबतंय का. आस तापला तर डबा पेटतो, घसरतो. आतल्या लोकांना ते कळत नाही, बाहेर उभं असलेल्यालाच दिसतं. सगळं नीट असलं तर त्या जाणाऱ्या गाडीच्या गार्डला हिरवा झेंडा. नियम आहे तो."

"प्रत्येक चाक?"

"प्रत्येक. इकडून तिकडे मान जायची ती त्यासाठी. एक चाक धरायचं, सोडायचं, पुढचं धरायचं."

"आपल्या डब्याचंसुद्धा?"

ढवळ्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसले. तुम्ही विमानतळावरून निघता तेव्हा मी तुमच्या बॅगांची कुलुपं ओढून ओढून बघत असते, ते मला त्या वेळी आठवलं. असो.

"मेला नियम!" आक्का म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "आणि हे घरी येऊन सांगायला काय झालं होतं त्यांना?"

"आपण विचारलं होतं का?"

हौसाबाई फडकं घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी दोघांकडे पाहिलं.

"काय झालं वं आक्का? करवंदं लई आंबट हायेत का?"

"लई," आक्का म्हणाल्या आणि रडता रडता हसल्या.

आक्का गेल्यावर ढवळ्यांनी तारेचा सांगाडा केला, त्यावर काचा बसवायची लांबी चढवली आणि गार्डसाहेबांना पांढरा कोट रंगवला. फोनवरून आक्कांनी हुकूम सोडला की पांढरा म्हणजे जरा निळसर, आई नीळ घालायची. मान किती वाकवायची यात तीन गार्ड वाया गेले. चौथा सज्ज्यात बसला. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, मान खाली, गुंडाळलेला झेंडा काखेत.

त्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. फोन रंगाच्या डब्याला टेकवून उभा केला होता, त्यात आक्का, कपाळापासून वरच्या तेवढ्या. बोरीच्या बाजूच्या रुळावर मालगाडी उभी होती.

"सोड," फोनमधून आक्का म्हणाल्या.

ढवळ्यांनी सुट्टीची गाडी सोडली आणि स्वतः टेबलाच्या अलीकडे गुडघ्यांवर बसले. गाल टेबलाला टेकवला. एक डोळा मिटला. मालगाडीचं इंजिन त्यांच्या समोर होतं. तिथून ते सुट्टीच्या गाडीतल्या एका खिडकीला डोळा लावून तिच्याबरोबर गुडघ्यांवर सरकू लागले. मीठ गेलं, कोळसा गेला, गुरं गेली. गाडी आपल्या वेगाने बोरीतून निघून गेली. ढवळे तिथेच, शेवटच्या डब्यासमोर, गाल टेकवून राहिले.

"दिसले का रे?" आक्कांनी विचारलं.



"दिसले," ते म्हणाले.